छापलेली रद्दी नको, कोरा कागद हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कागदावर कापडाचे तुकडे शिवून गोधडीचा चौकोन तयार करायचा आणि मग कागद फाडून टाकायचा, ही ‘पेपर पीसिंग’ची पद्धत आता नाशिकमध्येही बऱ्याच जणी शिकत आहेत. शिकवताना, किंवा एकमेकींना सांगताना, “कागद काय, घरातली रद्दी घ्या” असं अगदी सहज म्हटलं जातं. हा सल्ला चुकीचा आहे. त्याने कापड डागाळतं, टाके ओढले जातात आणि दोष मात्र मशीनला, नाहीतर शिवणारीच्या हाताला दिला जातो. कागद नीट निवडला तर या कामातल्या बऱ्याच अडचणी येतच नाहीत, म्हणून हे पत्र.

ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. चौकोनाची नक्षी कागदावर रेघांनी काढलेली असते आणि प्रत्येक भागाला शिवायच्या क्रमाने आकडा दिलेला असतो. कापड ठेवायचं कागदाच्या कोऱ्या बाजूला, टीप मारायची रेघांच्या बाजूने. पहिला तुकडा सुलटी बाजू आपल्याकडे करून कोऱ्या बाजूवर ठेवायचा. दुसरा त्यावर पालथा, सुलटीला सुलटी लावून, आणि दोन्हींच्या कडा १ आणि २ यांच्या मधल्या रेघेच्या पाव इंच पुढे येतील असा. मग कागद उलटून रेघेवर टीप मारायची, रेघेच्या दोन्ही टोकांना दोन-तीन टाके जास्त घ्यायचे. पाव इंच माया, म्हणजे टिपेच्या बाहेर राहणारं कापड, ठेवून जादा कापड कापायचं, तुकडा उलगडून इस्त्री करायची आणि तिसऱ्याकडे वळायचं. कापडावर नक्षी कागदावरच्या उलट, म्हणजे आरशात दिसावी तशी उमटते. मोराची मान उजवीकडे हवी असेल तर कागदावर ती डावीकडे काढावी लागते.

आता कागदाकडून आपल्याला काय हवं असतं ते बघा. शिवताना तो ताठ राहिला पाहिजे, कारण जुन्या सुती लुगड्यांचं कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की नुसतं मशीनखाली धरलं तर ताणलं जातं. रेघेवर तो चार-पाच वेळा दुमडून उलगडला तरी फाटता कामा नये. इस्त्रीखाली त्याने वळायचं नाही, रंग सोडायचा नाही. आणि सगळं शिवून झालं, चौकोन एकमेकांना जोडून झाले, की मात्र टाक्यांना धक्का न लावता टिपेवरून अलगद सुटून आलं पाहिजे. टिकायचं आणि फाटायचं, दोन्ही एकाच कागदाने. जाड कागद पहिलं काम उत्तम करतो, दुसऱ्याला नकार देतो. पतंगीसारखा पातळ कागद दुसरं करायला इतका उतावीळ असतो की पहिलं होऊच देत नाही.

छापलेलं वर्तमानपत्र जाडीच्या दृष्टीने खरं तर योग्यच आहे. अडचण शाईची. रोजच्या अंकांची शाई बहुतेक ठिकाणी उष्णता देऊन सुकवलेली नसते, ती कागदात जिरते आणि तेवढ्यावरच ‘वाळली’ असं म्हणायचं. तेल आणि काजळी तिथेच सैल राहतात. सकाळी अंक वाचून बोटं काळी होतात ती यामुळेच. अशा कागदावर पांढरं किंवा फिकट कापड ठेवून कापसाला लागणारी गरम इस्त्री फिरवली की तीच काजळी कापडात जाते, आणि आधी इस्त्रीने पक्की बसवलेली काजळी साबणाने नीट निघत नाही. जुना अंक घेतला तर शाई वाळलेली असेल, ही समजूतही खोटी. महिनाभर जुन्या अंकावरून ओला हात फिरवून पाहावा. शिवाय छापील मजकुरावर आपल्या नक्षीच्या रेघा दिसत नाहीत, डोळे ताणून शिवावं लागतं आणि टीप वाकडी जाते. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या घडांना ऊन लागू नये, मण्यांवर गुलाबी छटा येऊ नये म्हणून रद्दीचे कागद बांधतात. त्या कामाला रद्दी चालते. पांढऱ्या मलमलीला चालत नाही.

रद्दी नको म्हटल्यावर बहुतेक जणी झेरॉक्सच्या कागदाकडे वळतात. तो सगळीकडे मिळतो, नक्षी थेट छापून घेता येते, म्हणून शिकायला बरा. पण तो घेताना त्याच्या वजनाचा आकडा वाचावा. कागदाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम असं मोजतात, पाकिटावर ते ‘जीएसएम’ म्हणून छापलेलं असतं. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ७५ जीएसएमचे १६ कागद ७५ ग्रॅम भरतात. पाकीट फाटलेलं असेल, दुकानदार सुटे कागद देत असेल, तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १६ कागद ठेवले की झालं. कोऱ्या वृत्तपत्रीय कागदाचे तेवढेच कागद ४५ ते ४९ ग्रॅमच्या आसपास भरतात, वहीचे साधारण ५४ ते ६०, झेरॉक्सचे ७०, ७५ किंवा ८०. आमचं मत असं की या कामाला ४५ ते ६० चांगला, ७० चालवून घ्यावा, ८० घेऊच नये. जाड, गुळगुळीत ‘बॉन्ड’ पेपर तर टंकलेखनालाच ठेवावा.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे कागदातला तंतू. करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत, त्यामुळे नोटेच्या कागदाबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. तो कापसाच्या लांब तंतूंचा, म्हणून खिशात धुतला गेला तरी टिकतो. वृत्तपत्राचा कागद याच्या अगदी उलट. लाकूड दळून, किंवा जुनी रद्दी पुन्हा भिजवून केलेल्या आखूड तंतूंचा तो असतो. आखूड तंतू एकमेकांत फारसे गुंतत नाहीत, म्हणून सुईची भोकं पडली की तो त्या रेघेवर लगेच सुटतो. दळलेल्या लाकडातलं लिग्निन (तंतूंना धरून ठेवणारा घटक) तसंच राहिल्याने तो उन्हात पिवळा पडतो, पण आपल्याला तो महिना-दोन महिनेच वापरायचा असतो. पुस्तकवाल्याला नको असलेले हे दोन्ही गुण आपल्या कामाचे आहेत. ७५चा झेरॉक्स कागद मध्येच बसतो. तंतू जरा चांगले, वरून घोटून गुळगुळीत केलेला आणि खळ लावलेला. म्हणून तो ओढावा लागतो, आणि ओढताना टाके सैल होऊन तुकड्यांच्या मधून दोरा डोकावतो.

हाताशी झेरॉक्सचाच कागद असेल तर उपाय मशीनवर करावा लागतो. नेहमीच्या शिवणीत टाका अडीच मिलिमीटरचा असतो, म्हणजे इंचात सुमारे १० टाके. कागदावर तो दीड ते पावणेदोन मिलिमीटर ठेवायचा, म्हणजे इंचात १४ ते १७. काही मशीनवर आकडे मिलिमीटरचे असतात, काही जुन्या मशीनवर इंचातल्या टाक्यांचे. ‘आकडा कमी म्हणजे टाका बारीक’ हे दुसऱ्या प्रकारात उलटं पडतं, म्हणून आधी चिंधीवर एक इंच टीप मारून टाके मोजावेत. दीड मिलिमीटरहून बारीक करू नये. टाका उसवायची वेळ आली तर कागद आणि कापड दोन्ही तिथून फाटतं. सुई १४ नंबरची. ७५च्या कागदाला १६ची लावली तर भोकं मोठी पडून कागद सोपा निघतो, पण तलम कापडावर ती भोकं दिसत राहतात. कागद शिवलेली सुई पुन्हा कपड्यांना वापरू नये, तिची धार गेलेली असते. बॉबिन बदलताना दर वेळी खालची पट्टी काढून दात्यांमधला कागदाचा भुगा ब्रशने झाडावा. हा भुगा तेल पिऊन घट्ट बसतो, मशीन जड चालायला लागते आणि मग मेकॅनिक बोलवावा लागतो.

झेरॉक्सच्या दुकानात एक चूक हमखास होते आणि तिची किंमत शेवटी कळते. इंटरनेटवरून घेतलेल्या नक्षा बऱ्याचदा अमेरिकन मापाच्या कागदावर आखलेल्या असतात, साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर रुंदीला त्याहून सहा मिलिमीटर कमी, २१० मिलिमीटरचा. दुकानातला संगणक ‘कागदात बसव’ या सवयीने नक्षी आपोआप लहान करतो, तीन टक्क्यांच्या आसपास. सहा इंचाच्या चौकोनात चार मिलिमीटरहून जास्त तूट येते आणि आठ चौकोनांच्या ओळीत सव्वा इंचाहून जास्त. एकाच दुकानातून, एकाच दिवशी सगळे कागद काढले तर निदान सगळे सारखेच लहान होतील. अर्धे एका दुकानातून, अर्धे दुसऱ्या दुकानातून काढले की जोडताना रडायची पाळी. दुकानदाराला “शंभर टक्के, अ‍ॅक्चुअल साइज” एवढंच सांगायचं, आणि पहिला कागद निघाला की त्यावरचा एक इंचाचा खूण-चौकोन तिथेच पट्टीने मोजायचा. तो बरोबर २५.४ मिलिमीटर भरला तरच बाकीचे काढायचे. झेरॉक्सची झेरॉक्स काढू नये, प्रत्येक पिढीला माप थोडं हलतं.

छपाई कशावर झाली तेही विचारावं. लेझर किंवा झेरॉक्सची काळी पूड उष्णतेनेच कागदावर बसवलेली असते, त्यामुळे गरम इस्त्री थेट रेघांवर टेकवली की ती पुन्हा मऊ होऊन इस्त्रीच्या तळाला चिकटते आणि पुढच्या तुकड्यावर उतरते. शाईच्या प्रिंटरची शाई वाफेने पसरते. दोन्हीवर एकच उपाय. इस्त्री कोरडी, कापडाच्या बाजूने, आणि खाली एक जुनी सुती चिंधी अंथरलेली.

आता आमच्या मते सगळ्यात चांगला कागद, म्हणजे कोरा, न छापलेला वृत्तपत्रीय कागद. त्याची एकच अडचण: तो प्रिंटरमध्ये घालता येत नाही. बहुतेक यंत्रांना ६० जीएसएमपेक्षा पातळ कागद पचत नाही, तो आत अडकतो किंवा दोन-दोन एकदम ओढले जातात. दुकानदार नकार देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण नक्षी छापायची गरजच काय? जुनी युक्ती आहे, भरतकामाचे छापे टोचून करतात तीच. नक्षी एका जाड कागदावर नीट काढायची. तिच्याखाली कोऱ्या कागदांचे आठ ते दहा ताव सारखे लावायचे आणि नक्षीच्या बाहेर चारी कोपऱ्यांत स्टेपल मारायचं. मशीनमधला वरचा दोरा काढायचा, बॉबिनही काढून ठेवायची, जुनी १६ नंबरची सुई लावायची आणि नुसत्या सुईने सगळ्या रेघांवरून टीप मारायची. एकदम दहा कागदांवर भोकांच्या रेघा तयार. शाई नाही, पूड नाही, डाग नाही, आणि कागद फाडायची रेघ आधीच पाडलेली.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला, टोचताना टाका बारीक ठेवला तर. टोचण्याचा टाका दोन ते अडीच मिलिमीटर हवा. तोही दीडचा ठेवला, आणि शिवणीचाही दीडचा, तर भोकांमध्ये कागद उरतच नाही आणि तिसरा तुकडा लावायला दुमडतानाच चौकोन हातात सुटून येतो. दुसरा, बारापेक्षा जास्त थर घेतले तर. खालचे थर सरकतात आणि शेवटच्या कागदावरची नक्षी वरच्याशी जुळत नाही. तिसरा घोटाळा सगळ्यात वाईट. भोकांची रेघ दोन्ही बाजूंनी दिसते, त्यामुळे कोणती बाजू शिवायची हे विसरलं की दहातले दोन-तीन चौकोन उलट्या नक्षीचे होतात. चौकोन दोन्ही अंगांनी सारखा असेल तर फरक पडत नाही, पण तिरका बाण किंवा पक्षी असेल तर ते चौकोन वायाच जातात. म्हणून स्टेपल काढायच्या आधी, एकेक कागद उचलून वरच्या बाजूवर शिसपेन्सिलीने आकडे घालावेत. आकडा दिसतो ती टीप मारायची बाजू. खात्री नसेल तर बोट फिरवावं: सुई जिकडून शिरली ती बाजू गुळगुळीत, बाहेर पडली ती खरबरीत. बॉलपेनने आकडे घालू नयेत, त्याची शाई वाफेला आणि पाण्याला भरवशाची नाही.

पहिला तुकडा जागेवर बसवायला टाचणीऐवजी गोंदाच्या कांडीचा मुगाएवढा ठिपका पुरतो. पातळ कागदावर टाचणी लावली की कापडाला फुगा येतो. पण ठिपका म्हणजे ठिपकाच. पूर्ण तुकड्याला गोंद फासला तर तेवढा कागद पुढे ओला केल्याशिवाय सुटत नाही. रेघेवर कागद दुमडायला पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा किंवा स्टीलची पट्टी रेघेला लावून धरावी. नखाने घडी घातली तर भोकांची रेघ उसवते.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. बटर पेपर आणि ट्रेसिंग पेपर पारदर्शक असल्याने खालचं कापड कुठवर आलंय ते स्पष्ट दिसतं, बारीक नक्षीला त्याची मदत होते. पण तो कडक मोडतो आणि फाडताना बारीक चुरा होऊन टाक्यांत अडकतो. आर्किटेक्टचा ९० जीएसएमचा ट्रेसिंग तर झेरॉक्सपेक्षा हट्टी. स्वयंपाकातला बेकिंगचा कागद घेऊच नये, त्यावर पेन्सिलही टिकत नाही आणि कापड घसरतं. मासिकांची चकचकीत पानं मातीचा लेप दिलेली असतात, सुई बोथट करतात. संक्रांतीनंतर उरलेला पतंगीचा कागद घेऊन काहीजणी येवल्याकडून विचारणा करतात. पांढरा असला तरी तो दुमडताना टिकत नाही, आणि रंगीत असेल तर थेंबभर पाण्यानेही रंग सोडतो. शाळेच्या जुन्या रफ वहीची कोरी, रेघा नसलेली पानं मात्र खरोखर चांगली. रेघा असलेली पानं घेतली तर वहीच्या आणि नक्षीच्या रेघांत नजर फसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कागद वापरून तुकडे जोडायची आणखी एक पद्धत आहे, इंग्लंडकडची. तिच्यात षटकोनासारख्या आकाराच्या कागदी साच्यावर कापडाची माया मागे दुमडून धावदोरा घालतात आणि मग कडेला कड हाताने शिवतात. ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ साल घातलेली एक रेशमी गोधडी आहे, ती याच रीतीने केलेली. त्या कामाला कागद जाडच लागतो, शंभर जीएसएमच्या वरचा, कारण त्याची कड ताठ राहिली नाही तर कोपरा तीक्ष्ण येत नाही, आणि कडा जोडताना सुई कागदातून नेत नाहीत, त्यामुळे तो फाडावा लागत नाही, काढून पुन्हा वापरता येतो. काही जणी पुस्तकात ‘जाड कागद घ्या’ वाचून येतात आणि तो इकडे लावतात. दोन्ही कामं वेगळी, कागदही वेगळे.

पैठणीच्या तुकड्यांची गोधडी किंवा उशीचा अभ्रा करायचा असेल तर कागद वापरूच नये, असं आम्ही आग्रहाने सांगू. येवल्याच्या जुन्या पैठणीचं रेशीम आधीच थकलेलं असतं. दीड मिलिमीटरच्या टाक्यांनी ते टिपेवर चिरलं जातं आणि कागद ओढताना जरीचे धागे निघून येतात. तिथे खाली पांढरी मलमल लावावी, नक्षी तिच्यावर पेन्सिलीने काढावी, टाका दोन मिलिमीटर ठेवावा आणि मलमल तशीच आत राहू द्यावी. वजन थोडं वाढतं, पण रेशमाला आधार कायमचा मिळतो. मशीन भरतकाम करणाऱ्यांकडे मिळणारा, विणलेला नसलेला पांढरा ‘एम्ब्रॉयडरी पेपर’ही चालतो, पण त्यातला ओढल्यावर फाटणारा प्रकार मागून घ्यावा. कापडासारखा न फाटणारा घेतला तर तो आतच राहतो आणि गोधडी कडक होते.

कागद कधी काढायचा, यात घाई सगळ्यात जास्त नडते. चौकोन पूर्ण झाला की लगेच कागद फाडायचा मोह होतो. त्या वेळी चौकोनाच्या कडा बऱ्याच ठिकाणी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या कापलेल्या असतात, कागद गेला की त्या ताणल्या जातात आणि सहा इंचाचा चौकोन चार बाजूंनी चार मापांचा होतो. चारी बाजूंना शेजारचे चौकोन जोडले जाईपर्यंत कागद राहू द्यावा. दोन चौकोन जोडून झाले की फक्त त्या शिवणीच्या मायेतला कागद काढावा, म्हणजे माया दाबता येते. शेवटी सगळा कागद काढताना उलट्या क्रमाने, शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे. डाव्या अंगठ्याचं नख टिपेवर घट्ट दाबून धरायचं आणि उजव्या हाताने कागद टिपेला लागून बाजूला वळवायचा, वर ओढायचा नाही. त्याआधी चौकोन दोन्ही तिरक्या टोकांना धरून हलकासा ताणला तर कागद टिपांवर आपोआप सुटतो. अणकुचीदार कोपऱ्यांत उरलेले तुकडे चिमट्याने काढावेत. राहिले तर राहिले, असं करू नये. गोधडी धुतली की त्यांचा लगदा होऊन गाठी बसतात, आणि कपाटात ठेवलेल्या गोधडीत कागद असला की कसर लागायला वेळ लागत नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात कागद दमट होतो आणि दमट कागद तंतूंच्या आडव्या दिशेला किंचित फुगतो. त्यामुळे एका गोधडीचे सगळे कागद एकाच दिशेने कापलेले असावेत. दिशा ओळखायला कागद हाताने फाडून पाहावा: उभ्या दिशेने फाटतो तेव्हा रेघ सरळ जाते, आडव्या दिशेने फाटतो तेव्हा वाकडीतिकडी. जून ते सप्टेंबर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत, आणि टोचायच्या आधी गठ्ठ्यावरून कोरडी इस्त्री फिरवावी.

कोणताही नवा कागद घेताना दोन तळहातांएवढ्या मलमलीच्या चिंध्या त्याला दीड मिलिमीटरच्या टाक्याने शिवून बघा. कागद फाडल्यावर चिंध्या दोन्हीकडे ताणा. मधून दोरा दिसला तर कागद जाड आहे. इस्त्री केल्यावर कागदाच्या कडा वर वळल्या तर तो कामाचा नाही. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती रीम विकत घेण्याआधी करायची असते.

आता हे पत्र आपल्याकडे पाठवण्याचं कारण. कोरा वृत्तपत्रीय कागद शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत किरकोळ मिळणं कठीण आहे. दुकानदार मोठे ताव ठेवतात ते बहुधा ड्रॉइंगचे, जाड. पण वर्तमानपत्र जिथे छापलं जातं तिथे तो रोज उरतो. छपाईच्या मोठ्या यंत्रावर कागदाचा रोल अगदी शेवटच्या वेढ्यापर्यंत चालवता येत नाही, नवा रोल जोडण्यासाठी जुना थोडा आधी सोडावा लागतो, आणि पुठ्ठ्याच्या नळीवर काही वेढे कोरेच राहतात. तो कागद रद्दीत जातो. ४५ जीएसएमच्या एका किलोत ए-फोर आकाराचे साडेतीनशे कागद निघतात, त्याच वजनात झेरॉक्सचे दोनशेच्या जरा वर. साठ बाय नव्वद इंचाच्या गोधडीला सहा इंचाचे १५० चौकोन लागतात. सात-सात इंचाचे कागद कापले तर सगळे मिळून पाव किलोही भरत नाहीत.

नाशिक परिसरात ज्यांची छपाई होते त्या सर्व वृत्तपत्रांना आमची विनंती आहे की या उरलेल्या रोलमधला कोरा कागद आठवड्यातून एक दिवस, रद्दीच्या भावाने, पाच-पाच किलोच्या गुंडाळ्या करून छपाई केंद्रावर मिळू द्यावा. पुरवणीचा चकचकीत कागद त्यात मिसळू नये, साधाच द्यावा. नळीवरचे अगदी आतले वेढे वाकलेले आणि गोंद लागलेले असतात, ते काढून टाकावेत. रोलच्या लांबीची दिशा दाखवणारा एक बाण गुंडाळीवर पेन्सिलीने काढून दिला तर घेणारीला कापताना दिशा शोधावी लागणार नाही. आपल्या वृत्तपत्राने याची सुरुवात केली आणि वार-वेळ याच सदरात छापली, तर सिडको, सातपूरपासून नाशिक रोडपर्यंतच्या आणि दिंडोरी, निफाडच्याही शिवणाऱ्या बायका तो न्यायला येतील.

आपल्या,
गोधडीकाम शिकवणाऱ्या काही वाचक,
पंचवटी, नाशिक